अक्का नसलेली ग्रामसभा

अक्कांना कुणी काही विचारलं की त्या आधी चष्मा काढून पदराने पुसायच्या. काच स्वच्छ झाली की शेजारच्या बाईकडे हनुवटी दाखवायच्या. "मला कामून इचारायलीस? हिला इचार की."

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, सगळं येत असून गप्प बसणारी. मी बुजरी म्हणून गप्प. अक्का ठरवून गप्प. कर्नाटकातल्या औराद तालुक्यात मराठी बोलणाऱ्या बायकांच्या गटांना आपला कारभार आपण चालवता यावा, हे आमच्या संस्थेचं काम. अक्का त्यात मुरलेल्या, मी नवी. माझं पुस्तकी मराठी ऐकून त्या मला 'कॉन्व्हेंटबाई' म्हणत.

एका गावात गटाला डाळीची गिरणी मिळाली होती, पण यंत्र गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होतं. पंचायतीची एक खोली रिकामी होती. ती ग्रामसभेत मागायची. नाही मिळाली तर गिरणी दुसऱ्या गावाला जाणार.

"आमचे मालक बोलतील," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. गटाच्या वतीने नेहमी त्यांचे यजमानच बोलायचे. सत्काराचा हारही तेच घालून घ्यायचे. "साहेब कन्नड बोलतेत. मला कुठं येतंय?"

"मग बाजारात भांडायला मालकाला नेतीस व्हय?" अक्कांनी विचारलं.

बायका हसल्या. अक्का खुर्चीवर चढून बसल्या, कपाळाला आठ्या घातल्या आणि पंचायतीचे साहेब झाल्या. "एन बेकु?" काय पाहिजे, असं त्या एवढ्या जोरात ओरडल्या की अध्यक्षीणबाई खरंच दचकून उभ्या राहिल्या.

"खोली..."

"ऐकू येईना! उद्या या!"

दुसरी उठली, तिलाही हाकललं. तिसरी सरळ भांडायलाच लागली. "आत्ता कसं!" साहेब खूश.

मग दर बैठकीला हा खेळ रंगायचा. साहेबांच्या शंका दर वेळी नव्या: किल्ली कुणाकडे, छत गळलं तर काय?

ग्रामसभेला अक्का आल्याच नाहीत. "मला दुसरं गाव हाय. तू जा, आन् तोंड उघडू नको," त्यांनी फोनवर सांगितलं. न बोलणं मला सोपं. मी जाऊन मागे बसले.

विषय निघाला. यजमान शर्ट नीट करत उठले.

"बसा हो तुम्ही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. सभा हसली. यजमान उभेच. "बसा म्हनायलेय न्हवं!"

ते बसले.

"साहेब, खोली बेकु. गटाला बेकु." पुढे अर्धं कन्नड, अर्धं मराठी, पण कुठे अडलं नाही. छत गळतं त्याचं काय, साहेबांनी विचारलंच. मागून आवाज आला, "आमी नीट करून घेताव. पत्रे सांगून ठिवलेत." किल्लीचं तर एकीने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. साहेबांनाही हसू आलं. हात वर झाले, खोली मिळाली.

दिवस मावळायच्या आत बायकांनी ती झाडून काढली. मी दारात येऊन फोन लावला.

"अक्का, मिळाली!"

"मालक बोलले का?"

"बसवलं त्यांना."

मग हळूच, "माझी आठवण काढली का कुनी?"

मी आत पाहिलं. गिरणीचं तोंड कुठल्या भिंतीकडे करायचं, यावरून जोरात वाद चालला होता. खोटं बोलावंसं वाटलं.

"नाही, अक्का."

"मग त्या गावात आता माझं काय काम न्हाई," त्या म्हणाल्या, आणि इतक्या मोठ्याने हसल्या की आतल्या बायका भांडण थांबवून माझ्या फोनकडे बघायला लागल्या.