आगीच्या खांबाला घागरभर पाणी

आमच्या पेठेच्या तोंडाशी एक दगडी खांब आहे. निजामाच्या काळात एका दुपारीत सगळी पेठ जळाली, आणि जाळ जिथवर चढला तेवढा उंच खांब मागं उरलेल्यांनी उभा केला. दर वर्षी त्या तिथीला पेठेत चूल पेटत नाही. घरटी एक घागर खांबाला घालायची आणि शिळी भाकरी खायची.

मी नांदूरघाटाकडून लग्न होऊन आले तेव्हा अशी भित्री, की काडी ओढतानासुद्धा डोळे मिटायची. डोळे मिटून चूल पेटवणारी सून! भुवया कशा शाबूत राहिल्या देव जाणे. खांबापुढून जाताना पदर दातात धरून पळायची.

त्यात दुष्काळ पडला. टँकर येईल तेव्हा घरात पाणी. सोसायटीनं सभासदांच्या जनावरांसाठी कडबा आणून गोदामात रचला आणि आमच्या मालकांना राखणीला बसवलं. तिथी आली तशी चेअरमननं दवंडी पिटवली, "यंदा खांबाला पाणी न्हाई. माणसं तहानलेली, आन दगडाला कावून आंघोळ?"

मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, खांब कोपला तर?"

"कोपू दे. त्याला म्हणावं, टँकरच्या रांगेत उभा ऱ्हा."

त्याच दुपारी गोदामाच्या अंगानं धूर उठला. "कडबा पेटला!" गल्लीत ओरडा झाला. कुणाच्या विडीची ठिणगी, ते आजवर कुणी कबूल केलं नाही. मालक आतच होते. जेवून कडब्यावर कलंडायची त्यांची सवय. मी घरातली भरली घागर कमरेवर घेतली आणि सुटले. सगळं गाव गोदामाकडं, आणि ही शहाणी खांबाकडं! पुरी घागर दगडावर ओतली, कपाळ टेकलं. "माजं कुंकू ऱ्हाऊ दे, वर्साला दोन घागरी घालीन!" पाणी खाली घसरलं नि तापल्या मातीनं पिऊन टाकलं. धूर आणखीच काळा झाला.

गोदामापाशी पोचले तर बाप्ये पेंढ्या ओढून जाळावर माती लोटत होते. मालकांना बाहेर काढून लिंबाखाली निजवलेलं. तोंड काजळीनं माखलेलं, डोळे मिटलेले. छाती हलते की नाही, मला काही दिसेना.

"घागर हिकडं आण गं!" आत्याबाई ओरडल्या.

"रिकामी हाय. खांबाला घातली."

त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं, नवरा हितं जळतोय आन तू दगड भिजवतीस व्हय?"

शेजारणीनं तांब्या आणला. पाणी ओठांवरून ओघळलं, आत गेलंच नाही. मी त्यांच्या पायाचा अंगठा घट्ट धरून बसले. आज माझं तोंड मिटत नाही म्हणून नातवंडं कावतात. तेव्हा त्यातून देवाचं नावही निघेना.

मग त्यांना ठसका लागला. पुन्हा एक. डोळे किलकिले झाले. माझ्या काखेतली घागर बघून ते घोगऱ्या आवाजात म्हणाले,

"विझला का खांब?"

बाया हसायला लागल्या. माझी मूठ मात्र त्या अंगठ्यावरून सुटेना. शेवटी आत्याबाईंनी माझं एकेक बोट उकलून सोडवलं.