बांगड्या न काढता काढलेला ईसीजी

आखाडा बाळापूरजवळच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. हळद शिजवायच्या दिवसांत एका दुपारी बंजारा तांड्यावरची आजी आली, सोबत तिचा लेक. आजी घामानं भिजलेली, हात थरथरत होते.

"सकाळपासून छाती दाबून राहिली म्हणते," लेक म्हणाला. "पित्त असंल."

मी ईसीजीचं मशीन ओढलं. पण चिमटा लावायला मनगट दिसेचना. पार दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या.

"आजी, काढाव्या लागतील."

तिनं दोन्ही हात पोटाशी घेतले. "न्हाई. धनी जिता हाय माझा."

"माय, फोडून टाकतो!" लेक घाबरून ओरडला. ती रडायलाच लागली.

तेव्हा मला शिकलेलं आठवलं. प्रत्येक ठोक्याला हृदयात बारीकशी वीज उठते आणि अंगभर पसरते. मशीन दोन जागांमधला त्या विजेचा फरक तेवढा मोजतं. वीज चिमट्याकडं आली की रेघ वर चढते, लांब गेली की खाली उतरते. आणि हात म्हणजे धडाला जोडलेली वायरच की! ती मनगटाशी धरायची, तशी खांद्याशीही धरता येईल.

"मॅडम, खांद्याला लावू?" मी डॉक्टरांना विचारलं.

"लाव. रेघेत थोडा फरक पडतो, ईसीजीच्या कागदावर तसं लिही."

मी खांद्यांवर चिकटवायच्या पट्ट्या लावल्या. आजी घाबरून बघत होती. "करंट बसंल का, बाई?"

"आमी करंट देत न्हाई, आजी. तुमचाच करंट पाहून राहिलो."

ती शांत पडून राहिली. थरथरणाऱ्या स्नायूंचीही वीज असते, ती रेघ बिघडवते. खांद्याशी तो त्रास कमी झाला. कागद सरकू लागला. ठोक्यानंतर जी रेघ खाली यायला हवी, ती उंचावरच अडकलेली.

"अटॅक आहे," मॅडम म्हणाल्या. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन त्यांनी लगेच सुरू केलं.

थोड्या वेळानं आजी म्हणाली, "हलकं वाटून राहिलं." मी पुन्हा ईसीजी काढला. रेघ खाली आली होती! मॅडमनी माझा हात घट्ट दाबला. मग ॲम्ब्युलन्स नांदेडला निघाली.

संध्याकाळी लेकाचा फोन आला. "सिस्टर, माय वाचली. चहा मागून राहिली."

मी वॉर्डात मोठ्यानं ओरडून सांगितलं. आजीला न ओळखणारे पेशंटसुद्धा उठून बसले आणि हसले. त्या दिवशी मी घरी चालत नाही, उडतच गेले.