नर्मदे हर म्हणण्याआधी

नर्मदा मला पहिल्यांदा दिसली ती रेल्वेच्या पुलावरून, सकाळच्या धुक्यात, आणि पाहताक्षणी मी डोळे मिटून घेतले. समोरच्या बाकावरच्या बाईंना वाटलं, मी नमस्कार करते आहे. त्यांनी सरकून मला खिडकीपाशी जागा करून दिली. त्यांना कसं सांगणार, की ते एवढं रुंद पाणी मला बघवत नव्हतं? त्याच पाण्याच्या कडेनं पुढचे कित्येक महिने मला एकटीनं चालायचं होतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. नर्मदेची परिक्रमा म्हणजे नदी उजव्या हाताला ठेवून पायी चालायचं. जबलपूरहून निघालं की आधी उगमाकडे, तिथून वळून दुसऱ्या काठानं थेट समुद्रापर्यंत आणि मग परत. मधे कुठेही नदी ओलांडायची नाही. वाटेत जे मिळेल ते खायचं, जिथे जागा मिळेल तिथे निजायचं. मी आणि माझी मैत्रीण शोभा दोघी मिळून निघणार होतो. सांगलीत दोन वर्षं रोज पहाटे आम्ही चालण्याचा सराव केला. निघायच्या आठवड्यात तिच्या गुडघ्यानं दगा दिला आणि डॉक्टरांनी तिला जिना चढायलाही मनाई केली. आमच्या घरी सगळ्यांनी गृहीत धरलं की आता मीही जात नाही. तसं ते गृहीत धरणं बरोबरच होतं, कारण मी जन्माची भित्री भागूबाई. लिफ्टमध्ये एकटी जात नाही, वीज गेली की आधी दाराची कडी तपासते. पण छप्पन्न वर्षं या भीतीचं सगळं ऐकलं, एकदा तरी तिचं ऐकायचं नाही, असं काहीतरी डोक्यात शिरलं आणि मी गाडीत बसले. गाडी सुटल्यावर लगेच पस्तावले.

जबलपूरला दीक्षितपुऱ्यात शोभाची मावसबहीण राहते, प्रभाताई. त्यांच्या घराण्यातलं कुणीतरी मराठ्यांच्या काळात चाकरीसाठी इकडे आलं ते इथलंच झालं. ताई शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. घरात त्या आणि सून नेहा. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी. नेहाला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदी. मी मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार पहिल्याच दिवशी सुरू झाला.

ताईंनी आल्या आल्या पोहे आणि खोये की जलेबी (खव्याची, काळपट, गुलाबजामासारखी मऊ) समोर ठेवली. मी दोन खाल्ल्या, तिसरी भीतीपायी खाल्ली. धास्तावले की मला भूक लागते. संध्याकाळी त्या मला ग्वारीघाटावर घेऊन गेल्या. आरती चालू होती, पायऱ्यांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती, द्रोणातले दिवे पाण्यावरून हळूहळू लांब जात होते. सगळं फार सुंदर होतं आणि मला नुसतं दिसत होतं की दिवे जिथे विझतात त्याच्या पलीकडे मिट्ट काळोख आहे. घाटावरच्या पंडितजींनी विचारलं, संकल्प कधी करायचा? संकल्प एकदा केला की मागे फिरता येत नाही. मी म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी नेहाला सुट्टी होती, म्हणून तिनं मला भेडाघाट दाखवायला नेलं. धुवाँधारचा धबधबा मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून पाहिला. तुषारांनी चष्मा भिजला तेव्हा बरंच वाटलं, खालचं दिसेनासं झालं. संगमरवरी कड्यांमधून नावेनं फिरायला मी साफ नकार दिला. नेहानं आग्रह केला नाही, शेंगदाणे घेऊन दिले.

तिथेच चहाच्या टपरीवर एक जोडपं भेटलं. पांढरे कपडे, हातात काठी, पाठीला पडशी. नांदेडकडचे शेतकरी होते, परिक्रमेत होते. मी त्यांना रस्त्याचं, कुत्र्यांचं, रात्रीच्या मुक्कामाचं विचारत सुटले. बाई शांतपणे सगळ्याला उत्तरं देत होत्या. मग म्हणाल्या की याचं काही वाटत नाही हो, चार दिवसांत सवय होते. अवघड जातं ते कुणाच्या तरी दारात उभं राहून शिधा मागणं. पहिल्या दारात त्या रडल्या होत्या म्हणे.

हे तर माझ्या यादीतच नव्हतं. दरीची, सापाची, तापाची, सगळ्याची भीती मी आधीच बाळगून ठेवली होती. मागण्याची राहूनच गेली होती. आयुष्यात मी शेजारणीकडे विरजणही मागितलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी ताईंना सांगितलं. त्या गव्हातले खडे वेचत होत्या. हात न थांबवता त्यांनी उपाय काढला. घाटाकडच्या लोकांना परकम्मावासी (परिक्रमा करणारे) रोजचे, ते देतीलच. तेव्हा जिथे कुणी वाट बघत नाही अशा ठिकाणी जा आणि एका घरी मागून बघा. नेहा शिकवते ती शाळा महाराजपूरला, आधारतालच्या पुढे. तिकडे नव्या कॉलन्या आहेत, ओळखीचं कुणी नाही. जमलं तर संकल्प करा, नाही जमलं तर मुकाट्यानं गाडी पकडा.

मी नको नको म्हणत असतानाच मला स्कूटरवर बसवण्यात आलं. पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात कोरी करकरीत काठी. नेहानं मला एका कॉलनीच्या तोंडाशी उतरवलं आणि ‘ऑल द बेस्ट, मौसीजी’ म्हणून ती शाळेत गेली.

सारखी दिसणारी घरं, प्रत्येकाला लोखंडी फाटक, फाटकाला बेल. मी पहिली बेल वाजवली. पडदा हलला, दार उघडलं नाही. दुसऱ्या घरी वरच्या मजल्यावरून एका गृहस्थांनी विचारलं, कौनसी कंपनी से? मी परिक्रमेचं सांगायला लागले तोवर खिडकी बंद झाली. तिसऱ्या फाटकाला कॅमेरा होता. त्यातून एका बाईचा आवाज आला, सामान गेट पर रख दीजिए. माझ्याकडे सामान नव्हतं. मी कॅमेऱ्याला नमस्कार केला, तो का केला देव जाणे, आणि तिथून काढता पाय घेतला. शाळेसमोरच्या बाकावर नेहा येईपर्यंत बसून राहिले. हात कापत होते. काही झालं नव्हतं, कुणी वाईट बोललं नव्हतं, तरी अंगावरून काहीतरी जड गेल्यासारखं वाटत होतं.

घरी फोन केला. हे म्हणाले, परत ये, कुणी काही म्हणणार नाही. त्यांच्या आवाजात सुटका झाल्याचं ऐकू आलं आणि मलाही सुटल्यासारखं झालं. मी हो म्हटलं.

ताईंना कसं सांगायचं ते ठरवत स्वयंपाकघरात गेले. त्या मंगोडे (मुगाच्या डाळीची भजी) तळत होत्या. कसं झालं, काय झालं, सगळं त्यांनी बारकाईनं विचारून घेतलं आणि बोलणं बेलपाशी आल्यावर झारा हातात तसाच धरून माझ्याकडे वळल्या.

‘‘बेल काहून वाजवली तुम्ही?’’

मी म्हटलं, परक्याच्या दारात जायचं म्हणजे बेल नको का वाजवायला?

‘‘अच्छा, म्हणून. बेल कोण वाजवते? पार्सलवाला, नाही तं वसुलीवाला. लोक घाबरून राहिले बेलला आजकाल. परकम्मावासी बेल वाजवत नाही जी, तो बाहेरून आवाज देते. नर्मदे हर. तो आवाज आला का इथलं माणूस उठते. तुम्ही सभ्यपणा केला तिथं, अन् सभ्यपणालाच लोक भ्यायले.’’

मला हसू आलं आणि लगेच आतून धसका बसला. बेल दाबायला फक्त बोट लागतं. भर रस्त्यात, परक्या गल्लीत, मोठ्यानं हाक मारायची? मी तर रिक्षावाल्यालाही हाक मारत नाही, तो बघेपर्यंत उभी राहते. ताईंना मी परतायचं ठरवल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, जा, पण उद्या एक हाक मारून जा.

म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कॉलनी. कालची घरं टाळून मी पुढच्या गल्लीत वळले. एका पेरूच्या झाडाच्या घरापुढे थांबले. तोंड उघडलं, आवाजच फुटेना. एक कुत्रं उठून माझ्याकडे बघायला लागलं. दुसऱ्यांदा कसाबसा आवाज निघाला, तो कुत्र्यापर्यंतही पोचला नसेल. मग डोळे मिटले आणि ओरडलेच, ‘‘नर्मदे हर!’’

दार इतक्या झटकन उघडलं की मी मागे सरकले. दारात तिशीतली एक बाई उभी होती. तिनं ‘नर्मदे हर’ म्हटलं, पण ती माझ्याकडे न बघता आत बघत होती. जवळ येऊन फाटक उघडलं आणि अगदी हळू म्हणाली, ‘‘दीदी, अंदर पानी की मशीनवाले भैया आए हैं. घर में मैं अकेली हूँ. आप थोड़ी देर बैठेंगी?’’

पळून जावं असंच वाटलं. पण तिचा हात फाटकावर होता आणि तो माझ्या कालच्या हातांसारखाच कापत होता. मी आत गेले. तिनं व्हरांड्यात, उघड्या दारासमोर खुर्ची दिली. मी काठी मांडीवर आडवी धरून बसले. लांबून बघणाऱ्याला मी मोठी राखणदारीण वाटले असेन. प्रत्यक्षात ती काठी खाली पडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी आवळली होती.

ती दारात उभी राहून खालच्या आवाजात सांगत होती. नवरा शहपुऱ्याला नोकरीला आहे, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. मागच्या गल्लीत मीटर बघायला म्हणून कुणीतरी एका घरात शिरलं होतं. तेव्हापासून ती कुणालाच दार उघडत नाही. आज पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं, पिण्याचं पाणीच नाही, म्हणून त्याला बोलवावं लागलं. तो आत आल्यापासून ती देवाचं नाव घेत स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती.

आतून पाना आपटल्याचा आवाज आला की आम्ही दोघी दचकत होतो. शेवटी तो माणूस बाहेर आला. चाळिशीचा, घामेजलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. मला बघून त्यानं वाकून नर्मदे हर म्हटलं, चपला घातल्या आणि पिशवी सायकलीला अडकवून निघून गेला. बिचारा भला माणूस होता. आम्ही दोघींनी उगाचच त्याच्यावर संशय घेतला, असं त्याच्या पाठीकडे बघताना वाटलं.

मग एकदम तिच्या लक्षात आलं, की मी काहीतरी मागायला आले होते. लगबगीनं आत जाऊन तिनं कणीक, तुरीची डाळ आणि गुळाचा खडा आणला. मी पिशवी पुढे केली. मागण्यासाठी घोकलेलं एकही वाक्य म्हणावं लागलं नाही. ती वाकून माझ्या पाया पडली आणि मी तिला खांद्याला धरून उठवलं.

मी फाटकाबाहेर पडले तेव्हा तिनं विचारलं, ‘‘दीदी, कल भी इधर आएँगी?’’

‘‘नहीं,’’ मी म्हटलं, ‘‘कल मैं परकम्मा पर निकल रही हूँ.’’

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांना नाही, ताईंना नाही, मला स्वतःलाही नाही.

तिनं फाटकाच्या गजांतून माझ्याकडे नीट पाहिलं. ‘‘अकेली? डर नहीं लगता?’’

‘‘लगता है,’’ मी म्हटलं. ‘‘बहुत लगता है.’’

तिनं मान हलवली, आतून कडी लावली, आणि मी शाळेच्या दिशेनं चालायला लागले.