दात पाडायचं स्तोत्र

लेस्टर डाइकहाउसनं अडतीस वर्षं खुर्चीवर बसून पगार घेतला, पण त्याला आळशी म्हणायची कुणाची छाती नव्हती. पश्चिम मिशिगनमधल्या आमच्या गावात ऑफिसच्या खुर्च्यांचा कारखाना आहे. तिथं तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीवर लेस्टर बसायचा, पुढं झुकायचा, मागं रेलायचा. जरा कुरकुरली की खुर्ची बाद. मॅनेजरनं हातापाया पडून सांगितलं तरी बाद.

निवृत्त झाल्यावर त्यानं हेच काम चर्चमध्ये सुरू केलं. आम्ही मूळचे डच. आमच्या वाडवडिलांच्या मते देवापुढं गायची ती फक्त बायबलातली दाविदाची स्तोत्रं, बाकी सगळी माणसांची बडबड. वाडवडील गेले, गावानं चर्चमध्ये गिटारसुद्धा चालवून घेतली, पण लेस्टर जागचा हलला नाही. तीनशे वर्षांपूर्वीचं गीत लागलं तरी हा ओठ मिटून उभा. म्हणायचा, "नवीन फॅडं आहेत ही! मला दीडशेच्या दीडशे स्तोत्रं पाठ आहेत. कुठूनही विचारा." विचारायला कोण जातंय! विचारलं की तो म्हणून दाखवायचा.

बायको, विल्मा, वारल्यापासून त्यांच्या लांबलचक बाकावर दोघंच बसायची, लेस्टर आणि त्याची नात टेसा. पाळकांचा उपदेश सुरू झाला की लेस्टर कोटाच्या खिशातून पेपरमिंटच्या दोन जाड पांढऱ्या गोळ्या काढायचा, एक तिला, एक स्वतःला. ही रीत आमच्याकडे सगळ्यांचीच आहे. उपदेश किती लांबला ते आम्ही गोळ्यांवरच मोजतो. टेसा आता तेवीस वर्षांची झाली होती, इस्पितळात नर्स होती, पण रविवारी उपदेशाच्या पहिल्या वाक्याला तिचा हात बरोबर पुढं यायचा. लेस्टरचा सगळा आठवडा त्या हाताकडं डोळे लावून जायचा. हे तो मेला तरी कबूल करणार नाही, म्हणून मी सांगतो.

टेसा ड्रम वाजवते हे त्याला माहीत होतं. व्यायामासाठी असेल, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. मग एक दिवस ती म्हणाली, "आजोबा, आमच्या बँडला चर्चच्या हॉलमध्ये वाजवायचंय. शनिवारी दुपारी. तिकिटाऐवजी लोकांनी गरजूंसाठी डबाबंद जेवण आणायचं."

"कसला बँड?"

"हेवी मेटल. पण ख्रिस्ती."

"ख्रिस्ती हेवी मेटल!" लेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, ते गातात की त्यांचं पोट दुखतं? देवाला काय ऐकू येत नाही म्हणून एवढं ओरडायचं?"

"तुम्हाला तरी कुठं येतं? कानाचं मशीन घ्या म्हणून किती वर्षं सांगतेय."

"विषय बदलू नकोस."

टेसानं कागद पुढं केला. "हे मुख्य गाण्याचे शब्द. हे वाचा आणि मग ठरवा. वडीलमंडळात तुमचाच शब्द चालतो, हॉलची परवानगी तुमच्याच हातात आहे, ठाऊक आहे मला. पण नाही म्हणालात ना, तर शहरातल्या एका चर्चनं आम्हाला दर रविवारी बोलावलंय. मी तिकडं जाईन. रागानं नाही, आजोबा. पण जाईन." ती निर्धास्त होती. आजोबा पहिल्याच ओळीला ओळखतील याची तिला खात्री होती.

आजोबांनी कुठलं ओळखायला! मंगळवारी चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळाची बैठक भरली तेव्हा लेस्टरनं चष्मा पुसला आणि तो कागद मोठ्यानं वाचला. शत्रूंचे दात तोंडातल्या तोंडात पाडायची विनंती, गोगलगाईसारखं विरघळून जायचा शाप, आणि शेवटी दुष्टांच्या रक्तात धुतलेले पाय. शेजारी बसलेल्या क्लॅरेन्स बूमस्ट्रानं नकळत आपल्या कवळीवर हात ठेवला.

"आता सांगा," लेस्टरनं कागद आपटला, "हे सैतानानं लिहिलं नाही तर कुणी लिहिलं?"

पाळक रोएलोफ्सनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "दाविदानं."

"काय?"

"दाविदाचं स्तोत्र आहे, लेस्टर. शब्दन् शब्द." त्यांनी बायबल उघडून त्याच्यापुढं सरकवलं.

लेस्टरनं वाचलं. पुन्हा वाचलं. कान लालबुंद झाले. "पण हे... हे आपण कधी गातच नाही!"

"नाही गात. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली ठराव झाला होता ना, असली कडवी गाळायची म्हणून."

"कुठल्या गाढवानं मांडला तो?"

क्लॅरेन्सनं कवळीवरचा हात काढला. "तू मांडलास, लेस्टर. घरी गेल्यावर लहान पोरं घाबरून विचारत बसतात, म्हणालास. मी अनुमोदन दिलं होतं."

बिचारा लेस्टर! दीडशे स्तोत्रं पाठ म्हणून आयुष्यभर मिरवला, आणि ती यानंच कातरलेली निघाली. रागवायला समोर कुणी उरलं नव्हतं. शिवाय टेसा गेली तर त्या लांबलचक बाकावर तो एकटाच उरणार होता.

"तुझं मत काय मग?" पाळकांनी विचारलं.

लेस्टरनं सवयीनं आपली खुर्ची पुढं-मागं करून पाहिली. "खुर्ची ठीक आहे," तो म्हणाला. "बसणाराच कुरकुरत होता. वाजवू दे पोरांना."

शनिवारी तो पहिल्या रांगेत बसला, कानात कापूस घालून. पहिल्या ठोक्याला कापसाचा काहीएक उपयोग नाही हे कळलं. भिंतीवरच्या जुन्या पाळकांच्या तसबिरी थरथरल्या. लेस्टरला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कागद मांडीवर होता आणि बोट ओळीवर होतं. दात पाडायच्या ओळीला त्याचे ओठ हलले. ड्रममागून टेसानं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी उपासनेला लेस्टर अर्धा तास आधीच येऊन बसला. घंटा वाजली तरी बाक रिकामाच. एवढं करूनही गेलीच का शहरात? आणि मग टेसा आली. मागोमाग बँडमधले तिघं, गोंदलेल्या मानांचे, कमरेपर्यंत केसांचे. चौघं ओळीनं बसली आणि विल्मा गेल्यापासून पहिल्यांदा तो बाक भरला.

पाळकांनी उपदेशाचं पहिलं वाक्य म्हटलं. टेसाचा हात पुढं आला. तिचं बघून बाकीचे तीनही आले.

लेस्टरनं खिसा चाचपला. गोळ्या दोनच. पण पाहुण्यांना रिकाम्या हाती कसं ठेवायचं? त्यानं दोन्ही गोळ्या बाकावर ठेवल्या, स्तोत्रांचं जाडजूड पुस्तक दोन्ही हातांनी उचललं, आणि आपला वाटा न धरता चार तुकडे करण्यासाठी असं काही हाणलं की अख्खं चर्च दचकून मागं वळलं. पाळकांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

त्या शांततेत टेसा त्याच्या कानाला लागून म्हणाली, "आजोबा, ठोका मस्त होता. पण जरा लवकर मारलात."