शेटच्या तळघरातलं आभाळ

झुलाल रंगारी गेला तेव्हा त्याच्या तिरडीमागे पंधरावीस माणसंही नव्हती. जळगावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या ज्याच्या हातच्या, त्याला पोचवायला गावाला अर्धा तास सापडू नये याचा मला संताप आला. घरी येऊन आंघोळ केली तरी तो उतरेना. मग आठवलं, की या माणसानं पाच वर्षांपूर्वीच कामधंदा सोडला होता, आणि तो का सोडला हे गावाला ठाऊक नसलं तरी मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे लिहितो आहे.

पिंप्राळ्यात त्याच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. मी शाळामास्तर, तो रंगारी. कामाला हात लावायच्या आधी त्याला आंघोळ लागे. काम चालू असताना बिडी नाही, पान नाही, आणि आपला कुंचला तो दुसऱ्याच्या हातात कधी द्यायचा नाही. त्यानं दमणीच्या, म्हणजे छोट्या बैलगाडीच्या, फळीवर मोर काढला तर बैल म्हातारे होईपर्यंत मोराचा रंग जात नसे. फक्त त्याची स्तुती करायची सोय नव्हती, कारण ती तो आधीच स्वतः करून मोकळा व्हायचा. मी त्याला चिडवायचो, "झुलालभाऊ, आमच्यासाठी थोडी शिल्लक ठेवत जा." तो हसायचा आणि पुन्हा सुरू करायचा. माणूस भला होता, पण आपल्या हातावर त्याचं फार प्रेम होतं.

पंचावन्न सालच्या चैत्रात त्याला रतिलालशेटचं बोलावणं आलं. शेट केळीचे मोठे व्यापारी. त्यांची एकुलती एक मुलगी कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवस भरत होते ऐन वैशाखात. जळगावचा वैशाख म्हणजे माठातलं पाणीसुद्धा कोमट. शेटच्या मनात आलं, घराखाली तळघर आहे, ते गार असतं, तिथेच बाळंतिणीची खोली करावी.

हे तळघर म्हणजे पूर्वीची केळीची वखार. हिरवे घड आत रचायचे, मडक्यात गोवऱ्या धुमसत ठेवायच्या, दार मातीनं लिंपून टाकायचं आणि धुरी देऊन केळी पिकवायची. तीस वर्षं हेच चाललेलं. पुढे शेट आणि त्यांचे भाऊ वेगळे झाले, तळघराच्या मधोमध भिंत आली. पलीकडचा भाग भावानं छगन नावाच्या माणसाला भाड्यानं दिला. तिथे भट्टी अजून लागत होती. शेटचा भाग मात्र कित्येक वर्षं बंद होता.

एका रविवारी झुलाल मला ते तळघर दाखवायला घेऊन गेला. अकरा पायऱ्या उतरून आम्ही कंदील वर धरला. छत तव्याच्या बुडासारखं काळं होतं. सागाच्या तुळया, वरच्या फळ्या, कुठे काय संपतं आणि कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. हवा गार होती खरी, पण मला ती आवडली नाही. पाच मिनिटांत माझं डोकं जड झालं. वर येऊन मी दोन पेले पाणी प्यालो आणि म्हणालो, "कोंदट आहे फार." झुलालला त्याचं काही नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे छत होतं.

छताला चुना बसेना. एक हात दिला, दुसऱ्या दिवशी चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग वर आले. पुन्हा दिला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला झुलाल रडकुंडीला आला. शेट तर चिडलेच. तेव्हा कमल पोट सांभाळत चार पायऱ्या उतरून आली आणि तिथेच बसली.

"नाना, काळंच राहू द्या ना," ती झुलालला म्हणाली. "वर चांदण्या काढा. मला सव्वा महिना आडवं पडून तेवढंच तर बघायचंय."

झुलालला जणू कोणी गादीवर बसवलं. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "मास्तर, आते दखा. असं छत बठ्ठा खान्देशमा नही व्हवाव." साऱ्या खान्देशात असं छत होणार नाही म्हणे. माझ्याकडून त्यानं सप्तर्षी आणि कृत्तिका कागदावर काढून घेतल्या. मलाही मोठी मौज वाटली. त्यानं काजळी आणि सरस कालवून सगळं छत एकसारखं काळं केलं, वर चुन्यात अभ्रकाची पूड घालून चांदण्या काढल्या. भिंतींना फिकी नीळ दिली आणि कडेनं पोपटी वेल फिरवली. कंदील लावला की अभ्रक चमकायचं. खरंच सांगतो, खाली उभं राहिलं की वर बघत राहावंसं वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्या काळ्या रंगात झाकली गेली. मधल्या भिंतीला लागून एक जाड तुळई होती आणि तिच्या मागे, भिंतीच्या माथ्यावर, दोन बोटांची फट होती. छत पांढरं झालं असतं तर ती कोणालाही दिसली असती. काळ्यावर काळी फट दिसली नाही. त्या फटीपलीकडे छगनची भट्टी होती.

आठवड्यातच त्या भिंतीजवळच्या चांदण्या मळक्या झाल्या. झुलालनं त्या पुसून पुन्हा काढल्या. त्या पुन्हा काळवंडल्या. त्यानं सरसाला दोष दिला, दुकानदाराला शिव्या दिल्या आणि तिसऱ्यांदा काढल्या. चांगल्या रंगाऱ्याला आपल्या कामात खोट दिसली की ती झाकायची घाई होते, ती कुठून आली हे विचारायला तो थांबत नाही.

कमलला मुलगी झाली. पाचवी झाल्यावर बाळबाळंतिणीला खाली नेलं. झुलालनं हौसेनं दाराच्या दोन्ही बाजूंना आतून केळीचे खांब उभे केले, हिरव्यागार घडांसकट. खोलीत शेगडी होती, सकाळसंध्याकाळ ओवा-शेपांची धुरी होती, त्यामुळे धुराचा वास आला तरी तो कोणाला वेगळा वाटला नाही. कमलचं डोकं दुखायचं. कुंदाबाई सुईण म्हणायची, ओली बाळंतीण आहे, दुखणारच. पोर फारशी रडायची नाही. तिला सगळे शहाणी म्हणायचे.

तीन दिवसांत ते घड पिवळे झाले.

आता बघा, हे जळगाव आहे. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की झाडावरून उतरवलेलं हिरवं केळं नुसतं टांगून तीन दिवसांत पिवळं होत नाही. त्याला धुरी लागते. आणि तरी शेटच्या घरात एकालाही हे सुचू नये! सगळ्यांना आनंदच झाला. नातीचा पायगुण म्हणून शेटनी फण्या कापून ओळखीपाळखीत वाटल्या. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी एक फणी झुलालच्या घरी आली. मी त्याच्या ओट्यावर चहा पीत होतो.

झुलालची बायको शेवंताबाई रावेरकडची, केळीच्या मळ्यात वाढलेली. तिनं एक केळं सोललं. वरून पिवळं, आतून कच्चं. तिनं ते नाकाशी नेलं.

"हे केळं कोन्या भट्टीतलं?"

"भट्टी कसानी?" झुलाल म्हणाला. "बाळंतीणनी खोलीमा टांगेल व्हतं. मीच टांगं."

शेवंताबाईनं ते केळं फणीशेजारी ठेवलं. मग म्हणाली, "मंग ती खोलीच भट्टी शे."

झुलालनं बशी खाली ठेवली. त्याच्या डोळ्यांपुढे त्या मळक्या चांदण्या आल्या असणार, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला त्या क्षणी सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगतो. मलाही कळलं.

"आताच्या आता जा आन सांगा," ती म्हणाली.

"सकाय बारसं शे," तो म्हणाला. "धुळ्याना नाटकगृहवाला छत दखाले येणार शे. आज सांगं तर शेट बठ्ठं छत खरडी टाकी. बारसं व्हवू दे, मंग मी सोता सांगसू. एक दिवसमा काय व्हस?"

"केळाले तीन दिवस पुरले. तान्ह्या पोरीले किती लागी?"

ती पायात वहाणा घालून निघाली. आणि तिला अडवलं ते मी. झुलालनं नाही. मी म्हणालो, "अक्का, बाळंतिणीच्या खोलीत धुरी असतेच. तोच वास केळ्यांना लागला असेल. मंगल कार्याच्या आदल्या दिवशी लोकांच्या घरी जाऊन असं अभद्र बोलायचं का?" शिकलेला माणूस बोलतो आहे म्हटल्यावर ती थांबली. तिनं ती फणी उकिरड्यावर टाकली, गाईलाही घातली नाही.

बारशाला आम्ही तिघंही गेलो. वर माजघरात पाळणा सजवलेला, घुगऱ्यांची ताटं, बायकांची गडबड. धुळ्याचा तो माणूस आलेला होता आणि झुलाल कोऱ्या धोतरात त्याच्याशेजारी उभा होता. लग्नसराईची मागणी म्हणून त्या दिवशी पहाटे छगननं दुप्पट माल लावून दोन मडकी पेटवली होती, हे आम्हाला मागून कळलं. पाळण्यात घालायला बाळाला आणायला कुंदाबाई खाली गेली. तिनं मारलेली हाक हाकेसारखी नव्हती. बायकांना बाजूला सारून शेवंताबाई सगळ्यांत आधी पायऱ्या उतरली.

कमलला चौघींनी उचलून अंगणात आणलं. तिचे गाल लाल झाले होते आणि ती शुद्धीवर नव्हती. संध्याकाळी तिनं डोळे उघडले. मुलीनं उघडले नाहीत. शेवंताबाईनं तिला पदरात घेऊन वर आणलं तेव्हा ती झोपल्यासारखीच दिसत होती. धुळ्याचा पाहुणा अजून पायऱ्यांवर उभा राहून कंदिलाच्या उजेडात छत बघत होता. काय झालं हे त्याला कळायला बराच वेळ लागला.

गाव दोन दिवस हळहळलं आणि तिसऱ्या दिवशी दोषी शोधायला लागलं. कोणी तरी म्हणालं, सुईणीनं अफू जास्त चाटवली. तेवढं पुरलं. कुंदाबाईनं त्या पेठेतली निम्मी पोरं आपल्या हातांनी या जगात आणली होती. तिच्या दारावर दगड पडले. नळावर तिची घागर कोणी लावू देईना. पोलिसात जायची भाषा सुरू झाली. म्हातारी शपथा घेत होती, की अफूचं बोट मी पोरीला लावलंच नाही. तिचं खरं होतं हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी सकाळी झुलालनं खरडणी उचलली. शेवंताबाई भिंतीपलीकडून मला म्हणाली, "मास्तर, तुम्ही बी जा." मी गेलो.

त्यानं लाकडी घोडीवर चढून स्वतःच्या हातानं छत खरडायला घेतलं. सप्तर्षी गेले, कृत्तिका गेल्या, त्याच्या डोक्यावर, खांद्यावर काळी पूड पडत होती. तुळईमागची फट उघडी पडली तेव्हा त्यानं तिच्यापुढे कंदील धरला. फटीतून धुराची बारीक रेघ आत येत होती. त्यानं शेटना खाली बोलावून ती दाखवली.

"शेट, कुंदाबाईना दोष नही. पोर धुरानं गयी."

शेटनी फटीपुढे हात धरून धूर बघितला. मग त्यांनी झुलालच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला तरी काय ठाऊक असणार, झुलाल? भिंत आम्ही भावाभावांनी घातली. तुझा काय दोष त्यात?" ते म्हणाले, की कुंदाबाईकडे ते स्वतः जातील, आणि गेलेही.

तिथे सगळं संपलं असतं. शेटनी माफ केलं होतं, सुईण सुटली होती, आम्हाला घरी जायला वाट मोकळी होती. मी झुलालचा दंड धरून त्याला पायऱ्यांकडे वळवलंसुद्धा. पण पायऱ्यांवर कमल उभी होती. भिंतीला धरून ती खाली आली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"नाना," ती म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

आज, असं तो म्हणेल अशी मी वाट पाहत होतो. आज म्हटलं असतं तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. मी त्याचा दंड दाबलासुद्धा. त्यानं माझा हात सोडवला.

"बारशाना आदला दिवस," तो म्हणाला. "सकाळले."

कमलनं बोटांवर काही तरी मोजलं.

"त्या दिवशी संध्याकाळी तिनं पोटभर दूध घेतलं होतं," ती म्हणाली.

झुलाल खाली बसला. मी उभाच राहिलो. शेवंताबाईला दारातून मागे फिरवणारा मी होतो, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. झुलालनंही माझं नाव घेतलं नाही. त्यानंतर पाच वर्षं तो माझ्या भिंतीपलीकडे राहिला, रोज सकाळी ओट्यावर बसला, मला चहाला बोलावत राहिला, आणि त्या प्रकरणात माझं नाव त्यानं कधीही, कोणाजवळही घेतलं नाही.