माझ्याच अर्जाचं उत्तर

ऑफिसात डाक फोडायचं काम माझं. आवक-जावकचं टेबल सगळ्यांच्या मते बिनकामाचं, म्हणून बाईच्या गळ्यात. त्या दिवशी आमच्या राज्याच्या नव्या राजधानीतून, वरच्या ऑफिसातून आलेला लिफाफा फोडला. आत माझाच अर्ज होता.

वीस दिवसांपूर्वी मीच तो तक्रार म्हणून तिकडे पाठवलेला. शहराबाहेरच्या उरल्याच्या कारखान्यांतल्या क्रेन तपासणं आमच्या साहेबांचं काम. ते खुर्चीतून न उठता 'तपासली, ठीक आहे' असं लिहून देत. अशाच एका 'ठीक' क्रेनखाली एक मजूर मेला. त्याची बायको दोन दिवस आमच्या व्हरांड्यात बसून होती. तिला पाणी देताना माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना. निनावी कागद केराच्या टोपलीत जातो, म्हणून नाव, सही, चौबे कॉलोनीतला पत्ता, सगळं लिहिलं. नवरा रेल्वेतला, रोज पेपर वाचणारा. म्हणाला, "भेतं कायले? तक्रार करणाऱ्याले वाचवाचा कायदा झाला आता. नाव गुप्त ठेवतेत." कायदा पास झाला होता, पण लागू झाला नव्हता. हे आम्हा दोघा शहाण्यांना नंतर कळलं.

अर्जावर 'गोपनीय' असा लाल शिक्का, अन् खाली शेरा, तोही साहेबांच्याच नावे: आपल्या स्तरावर चौकशी करून कळवावे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! वाटलं, डब्याच्या पिशवीत कोंबावा हा कागद. पण आठवड्यानं स्मरणपत्र आलंच असतं, अन् तेही मलाच फोडावं लागलं असतं. रजिस्टरात नोंद केली अन् कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

दिवसभर घंटी वाजली नाही. पाचला बोलावणं आलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. बस्तरात दोन जागा रिकाम्या आहेत, एवढं त्यांनी सहज सांगितलं. मग अर्ज माझ्याकडे सरकवला.

"दीदी, इसका जवाब आप ही बना दीजिए. एक कॉपी शिकायतकर्ता के घर भी."

पोट्टी दहावीत होती. सासूची शुगर वाढलेली. तिकडे दूर बस्तरला बदली झाली, तर या दोघींना कुणाच्या भरवशावर ठेवायचं? मी बसले अन् लिहिलं: शिकायत निराधार पाई गई. लिहिताना ती व्हरांड्यातली बाई सारखी डोळ्यांपुढे येत होती, तरी लिहिलं.

चौथ्या दिवशी पोस्टमन घरी आला. नवऱ्यानं पाकीट फोडलं, वाचलं अन् तापला.

"निराधार? असं कोणं लिहिलं व?"

मी कणीक मळत होते. मान वर केली नाही.

"म्या," मी म्हटलं.