मावशीचा प्लेअर बिघडलाच नव्हता

मंडळी, समोर सांगायची लाज वाटते, म्हणून ईमेलवर लिहितोय.

कडेगावच्या मावशीला तिच्या मुलीने अमेरिकेतून डीव्हीडी प्लेअर पाठवलाय. नातीच्या बारशाची व्हिडिओ फाइल मात्र माझ्याकडे आली होती. ती प्लेअरवर चालेल अशी बदलून द्यायची होती. मी कंटाळा केला आणि तशीच सीडीवर उतरवली.

आज दुपारी बारसं बघायला मावशीकडे शेजारणी जमल्या, मी सीडी लावली, पण टीव्हीवर काहीच दिसेना. मी बेधडक म्हणालो, “मावशी, प्लेअर बिघडलाय.”

“आसंल रं. पर पोरीला सांगू नगंस. लय हौसेनं धाडलाय तिनं.”

मी मान हलवून सांगलीला परतलो.

आता फाइल नीट बदलतोय. उद्या सीडी नेईन. पण खरं सांगायला तोंड कुठून आणू?